लाल फुलीचं पुढे काय होतं?

रात्रीची स्लो लोकल. भायखळ्याला चढलेल्या एका बाईंना चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धी मिळते. टेकल्या टेकल्या पर्समधून फोन निघतो. चिंचपोकळीला तिसरं गणित, करी रोडला सहावं, परळला नववं आणि दादरच्या फलाटावर पाय ठेवायच्या आत दहावं. पडद्यावर रंगीत कपटे उधळले जातात, कार्टूनातला एक हत्ती सोंड वर करून नाचतो आणि घोषणा होते : शाब्बास, आजचा सराव पूर्ण! ज्या मुलीचा हा सराव, ती तिसरीत आहे आणि हिंदू कॉलनीत आजीच्या कुशीत केव्हाच झोपलेली आहे. बारा वाजायच्या आत गणितं सुटली नसती तर तिची 'स्ट्रीक' तुटली असती. स्ट्रीक तुटली की वर्गाच्या यादीत नाव खाली घसरतं, आणि नाव घसरलं की सकाळी ग्रुपवर आईची शोभा होते.

ग्रुपही बघण्यासारखा असतो. 'डिअर पेरेंट्स, खालील विद्यार्थ्यांचा डेली मॅथ्स रिव्ह्यू पेंडिंग आहे. काइंडली डू द नीडफुल.' खाली सात नावं. सातांच्या आया 'ओके मॅम' लिहितात, बाकीच्या आया पिवळा अंगठा दाखवून आपण त्या सातांत नसल्याची नोंद करतात. वडील वाचतात आणि गप्प बसतात. गिरगावातल्या सेमी-इंग्रजी शाळेपासून परळच्या टॉवरच्या सावलीतल्या, स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेपर्यंत हा नेम आता पोचला आहे. रोज दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. आठवड्याच्या शेवटी पालकांना रंगीत अहवाल : आपला पाल्य 'संख्याज्ञान' या विभागात 92 टक्के प्रवीण. यातले किती टक्के पाल्याचे आणि किती मध्य रेल्वेचे, एवढंच त्यात लिहिलेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, रोजची उजळणी वाईट का? अजिबात नाही. रोजची उजळणी हा या शहराला नवा शोध नव्हे, आणि त्यासाठी आपल्याला कुठल्या स्टार्टअपची वाट बघावी लागली नव्हती. गिरगावच्या चाळींतून दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं, शुभंकरोती झालं की परवचा. बे एके बेपासून तीसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि ज्याच्या घरी वडीलधारे फारच हौशी त्याला औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. हे काही गणितावरच्या प्रेमापोटी नव्हतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे 16 आणे होते, आण्याचे 4 पैसे, आणि मणाचे 40 शेर. पाऊण शेर तूरडाळीचे किती आणे, हे ज्याला उभ्या उभ्या सांगता येत नसे त्याला वाणी रोज थोडं थोडं लुटत असे. पावकी ही त्या काळची ग्राहक संरक्षण चळवळ होती.

अर्थात परवच्याची आरती ओवाळताना हात जरा आखडता घ्यावा. त्या सुरात छडीचा आवाजही मिसळलेला असे. सत्तावीस साती किती, असं मधूनच विचारलं की पोरगं सत्तावीस एकेपासून धापा टाकत धावत यायचं, कारण त्याला पाढा येत होता, गुणाकार येत नव्हता. शिवाय स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून सगळा पाठ झालेल्या मुलीला 'तू म्हण बघू' असं फारसं कुणी म्हणालं नाही.

पण त्या सगळ्या खटाटोपात एक माणूस असा असे की ज्याचं काम फक्त ऐकणं. गॅलरीत सुपारी कातरत बसलेले आजोबा. लक्ष नाही असं वाटायचं. 'एकोणीस साती एकशे त्रेपन्न' कानावर पडलं की अडकित्ता थांबायचा. बाकी काही नाही. रागावणं नाही, शाबासकी नाही. अडकित्ता थांबला म्हणजे चुकलंय, आणि कुठे चुकलंय तेही त्याच क्षणी कळलंय, कारण त्याच ओळीवर तो थांबलाय. 'सतरा नव्वे'चं उत्तर एकोणिसाच्या घरात घुसलंय, हे आजोबांना कळायचं आणि मग पोरालाही.

विज्ञानही आजोबांच्याच बाजूचं आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, विसरल्या, पुन्हा पाठ केल्या आणि 1885 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि एकदम रट्टा मारण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हा त्याचा मथितार्थ. अमेरिकेतले बराक रोझेनशाइन यांनी चांगल्या शिकवण्याची तत्त्वं 2012 मध्ये मांडली, त्यातलं पहिलंच तत्त्व धड्याच्या आरंभी थोडी उजळणी करण्याचं. तेव्हा 'रोज थोडं' यावर भांडण नाही. भांडण लाल फुलीशी आहे.

तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहा : 305 वजा 127. उत्तर 178. आता चुकलेल्या तीन वह्या बघू.

पहिलीत 222 लिहिलंय. या बाळानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला : सातातून पाच, दोनातून शून्य, तीनातून एक. पाचातून सात जात नाहीत, तर सातातून पाच तर जातात ना! व्यवहारी मूल आहे, पुढे नगरसेवक होईल. पण वजाबाकी म्हणजे काय हेच त्याला अजून कळलेलं नाही.

दुसरीत 278. या मुलाला जवळजवळ सगळं येतं. एककाला दशकाकडून उसना हवा, दशकात शून्य, म्हणून शतकाकडे जायचं, वाटेत शून्याचे नऊ होतात, हे त्याला ठाऊक आहे. फक्त शतकानं एक दिला म्हणजे त्याच्याकडचा एक कमी झाला, एवढी नोंद करायची राहिली. पाच मिनिटांचं काम.

तिसरीत 188. हिनं शून्याकडूनच उसना आणला. ज्याच्या घरात काही नाही त्याच्याकडून दशक आणलं आणि ते कुठे मांडलंही नाही. मग दशकासाठी शतकाकडे हात पसरला, तिथली नोंद मात्र चोख ठेवली. आपल्या काही सहकारी बँकांचा कारभार असाच चालला होता. या मुलीला शून्याचं घर म्हणजे काय हे काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावं लागेल.

तीन चुका, तीन कारणं, तीन वेगळे उपाय. फोनमध्ये तिन्हींना एकच उत्तर मिळतं : लाल फुली, एक खिन्न 'टुंग' आणि 'पुन्हा प्रयत्न कर'. पुन्हा प्रयत्न म्हणजे उरलेल्या तीन पर्यायांपैकी दुसऱ्यावर बोट. तेही चुकलं तर तिसऱ्यावर. चौथ्याला शास्त्रशुद्ध पद्धतीनं बरोबर येतंच. मुलं मूर्ख नसतात. आठवड्याभरात त्यांना कळतं की शेवटचा अंक तेवढा जुळवून बघितला तरी निम्मे पर्याय बाद होतात. हे कौशल्य आहेच, पण ते लॉटरीच्या दुकानापुढचं.

आणि यंत्राला हे जमत नाही असंही कुणी सांगू नये. 1978 मध्ये अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 'बगी' नावाची संगणकप्रणाली मांडली. शेकडो मुलांच्या वजाबाक्या तपासून त्यांनी दाखवलं की मुलं वाटेल तशी चुकत नाहीत, नेमानं चुकतात, आणि चुकीचा नेम शोधून काढता येतो. या प्रणालीत संगणकच मुलासारखा चुकत असे. भावी शिक्षकांनी त्याला नवनवी गणितं घालून त्याची नेमकी खोड ओळखायची. म्हणजे आपल्याकडे गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा 222 आणि 278 यांत फरक करणारं यंत्र तयार होतं. आज लालबागमधल्या प्रत्येक खिशात त्या यंत्राहून कितीतरी शक्तिशाली फोन आहे. त्याची सगळी शक्ती रंगीत कपटे उधळण्यात जाते.

कारण साधं आहे. चूक विकता येत नाही, 92 टक्के विकता येतात. 'तुमच्या मुलाला शून्याचं घर समजलेलं नाही' असा अहवाल घेऊन कोण पालक पुढच्या वर्षीची वर्गणी भरेल? मुंबईतच 2018 मध्ये सुरू झालेली व्हाइटहॅट ज्युनिअर ही मुलांना कोडिंग शिकवणारी कंपनी 2020 मध्ये बायजूजनं 30 कोटी डॉलरना घेतली. त्या कंपनीच्या जाहिरातींत 'वुल्फ गुप्ता' नावाचा लहान वयात कोट्यधीश झालेला एक मुलगा होता. तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. पुढे 2024 मध्ये खुद्द बायजूजवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिथेही शतकाच्या घरातली नोंद राहिली असावी.

लाल फुली वाचणारं माणूस वर्गात असतं, त्याला आपण बाई म्हणतो. 222 बघून 'इकडे ये रे, हे कसं केलंस ते सांग' म्हणणारी बाई. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गात साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला. तीस वह्यांतल्या तीस चुका वाचायला हा आकडा वाईट नाही, फक्त बाई वर्गात हव्यात. पालिका शाळेतल्या बाई निवडणुकीच्या दिवसांत बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) म्हणून मतदार याद्या घेऊन डिलाईल रोडच्या चाळींचे जिने चढत असतात. त्या उतरून येईपर्यंत वर्ग टॅबच्या भरवशावर. शिक्षकाला कारकून केलं की मग शिक्षक म्हणून यंत्र विकत घ्यावंच लागतं. धंद्याचं हे गणित मात्र कुणाचं चुकत नाही.

टॅबवरून आठवलं. 2015 मध्ये मुंबई महापालिकेनं आठवीच्या मुलांना वाजतगाजत टॅब वाटले. दप्तराचं ओझं कमी होणार होतं. 2018 मध्ये आठवीची पुस्तकं बदलली. टॅबमधली पुस्तकं काही आपोआप बदलत नाहीत.

करोनात मात्र सरकारनं खटपट केली, हे कबूल करायला हवं. 'टिलीमिली' ही मालिका 2020 च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी लागत असे. तिच्यात घरातल्याच वस्तू घेऊन गणित चाले. त्याच नोव्हेंबरात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'स्वाध्याय' सुरू केलं : दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर भाषा आणि गणिताचे प्रश्न. नवं ॲप नाही, नवा फोन नाही, नाचणारा हत्ती नाही. कल्पना चांगलीच होती. अडचण एवढीच की लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत फोन एक, त्यावर थोरल्याचा दहावीचा वर्ग, वडिलांची सिक्युरिटीची हजेरी, आईच्या भिशीचा हिशेब, आणि या सगळ्यांतून रात्री फोन मोकळा झाला की धाकटीचा स्वाध्याय. तोवर फोनची बॅटरी आणि धाकटी दोघीही संपलेल्या.

बक्षिसांचंही जरा बघू. ॲपमध्ये नाणी मिळतात. बरोबर उत्तराला दहा नाणी, सलग पाच आली तर पन्नास, नुसतं ॲप उघडलं तरी दोन. या नाण्यांतून हत्तीला टोपी घेता येते. याच दादरात, शिवाजी पार्कच्या नेटमध्ये रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपया ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचा तो रुपया. सचिन नाबाद राहिला तर त्याचा. असे 13 रुपये तेंडुलकरनं जपून ठेवले आहेत, हे त्यानंच जगाला सांगितलंय. त्या नाण्याला किंमत आली ती सर यष्टीमागून पाऊल कुठे पडतंय ते बघत होते म्हणून. फलंदाजीला आल्याबद्दल दोन रुपये सर देत नसत.

आता बघणारं, ऐकणारं माणूस घरात नाही असं नाही. आजी आहेत. प्रश्न असा की त्यांना ऐकायला येतं ते कळत नाही. नातू म्हणतो, 'सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स.' आजी म्हणतात, 'सात आठे छप्पन्न.' दोघांचंही बरोबर, आणि दोघंही एकमेकांकडे संशयानं बघतात. 'एकोणसाठ रुपये झाले' असं कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणाला की शिवाजी पार्कचं इंग्रजी माध्यम आईच्या तोंडाकडे बघतं. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'बाहत्तर'सोबत 'सत्तर दोन' असंही म्हणायला दिलं तेव्हा महाराष्ट्र पेटला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलं बाहत्तर ऐकून 27 लिहितात, जोडाक्षरांना अडखळतात, दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, आणि जुनी पद्धत आम्ही काढलेली नाही. ऐकतंय कोण! मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून विधिमंडळात विनोद झाले. ज्यांच्या मुलांनी घरात आयुष्यात 'बाहत्तर' ऐकला नव्हता ते पालक 'बाहत्तर'च्या रक्षणासाठी सर्वांत पुढे होते. बाई मुलांच्या चुका बघून बोलत होत्या, हा त्यांचा अपराध. बाकीच्यांनी मुलांची वही उघडलीही नव्हती.

वही उघडून बघणारे लोक आहेत. 'प्रथम' ही संस्था 1995 मध्ये मुंबईच्याच वस्त्यांत सुरू झाली. तिच्या पुढाकारानं 2005 पासून 'असर' ही पाहणी होते. तिची पद्धत हास्यास्पद वाटावी इतकी साधी : एक कार्यकर्ता, एक कागद, घरी जाऊन एका मुलाशेजारी बसायचं, त्याला वाचायला लावायचं, वजाबाकी आणि भागाकार करायला द्यायचे, आणि बघत राहायचं. 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी 30.7 टक्क्यांना भागाकार जमला. पाहणी ग्रामीण भागाची असल्यानं तिच्यात मुंबई नाही. त्यामुळे दादर ते गिरगाव सगळे 92 टक्के सुरक्षित आहेत.

आणि गणित येणं म्हणजे तरी काय? अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास फेब्रुवारी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं ग्राहकाचा हिशेब तोंडी, बिनचूक करत होती. तेच गणित शाळेतल्यासारखं कागदावर मांडलं की अडत होती. उलट शाळेतली मुलं कागदावरची गणितं सोडवत होती आणि बाजारातल्या हिशेबाला गडबडत होती. अभ्यास दादरला झाला असता तर फार लांब जावं लागलं नसतं. पुलाखालच्या फुलबाजारात, दसऱ्याच्या आदल्या पहाटे, आईशेजारी उकिडवी बसलेली एखादी पोर पावणेदोन किलो झेंडूचे पैसे सांगून, पाचशेच्या नोटेतून उरलेले परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. तिच्यासमोर उभा असलेला, आयआयटीत जाणार असं ठरलेला मुलगा अजून फोनमध्ये कॅल्क्युलेटर शोधत असतो. तिला शाळेत दशांश अपूर्णांक जमत नाहीत. त्याला पावणेदोन म्हणजे किती ते माहीत नाही. ॲपमध्ये दोघांनाही लाल फुलीच मिळेल.

लालबाग-परळमध्ये रोजचा गणित सराव वर्षातून काही आठवडे अगदी जोरात चालतो, तेव्हा त्याला सराव म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. गल्लीतलं बाळगोपाळ मंडळ पावतीपुस्तक घेऊन जिने चढतं. 51, 101, एखाद्या उदार घरी 251. रात्री मंडपाच्या मागे सतरंजीवर बैठक. एकीकडे पावत्यांची बेरीज, दुसरीकडे वहीतल्या जमेची. आणि एका रात्री फरक येतो : वहीत 36 रुपये कमी.

पोरं एकमेकांकडे चोर म्हणून बघायला लागतात. खजिनदार काका, पूर्वी मुळजी जेठा मार्केटातल्या एका पेढीवर दिवाणजी होते ते, पैसे मोजत नाहीत. विचारतात, '36 ला नवानं भाग जातो का रे?' जातो. 'मग पैसे कुठे गेले नाहीत. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. शोधा.' पोरं पावत्यांच्या स्थळप्रती उलटतात. सापडतं : पावती 251 ची, वहीत 215. 251 वजा 215, छत्तीस. शेजारचे दोन अंक आलटून पालटून लिहिले की फरक कायम नवाच्या पाढ्यात पडतो, हे जुन्या पेढ्यांवरचं शहाणपण. का पडतो, हे चौथीतली एक मुलगी विचारते. काका खडूनं फरशीवर दशक आणि एककाची दोन घरं आखतात आणि अंकांची अदलाबदल करून दाखवतात : पाच पन्नासाच्या जागी बसला तर पंचेचाळीस वाढतात, एक दहाच्या जागेवरून एककात आला तर नऊ जातात. पंचेचाळीस वजा नऊ, छत्तीस. ती मुलगी आणखी दोन आकडे उलटे करून बघते. मग आणखी दोन. आरतीला हाका मारतात तरी उठत नाही.

तिच्या आईचा फोन तिथेच वाजतो. हत्ती रडतोय. आजचा सराव झालेला नाही, स्ट्रीक तुटली. काही ॲपांत तुटलेली स्ट्रीक पैसे भरून जोडून मिळते, तशी यातही सोय आहे. वर्गणी मंडळवालेही थोडी गळ्यातच मारतात म्हणा, पण ते निदान पावती फाडतात.